'कुणाकडून आलात?'

गेल्या जूनमध्ये, कोर्टाची उन्हाळी सुट्टी संपल्या संपल्या, माझ्या वर्गातली एक मुलगी मुंबईतल्या एका कोर्टात सरकारी वकिलांच्या कार्यालयात गेली. पांढरा शर्ट, काळा टाय, पावसात भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेला काळा कोट आणि प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये कॉलेजचं पत्र, बायोडेटा आणि चार ओळींचा अर्ज: मला इथे चार आठवडे इंटर्नशिप करायची आहे. टेबलावरच्या कारकुनाने पत्र वाचलं, तिच्या हातात परत दिलं आणि विचारलं, "कुणाकडून आलात?"

"कॉलेजकडून."

"ते दिसतंय हो पत्रावर. कुणाकडून आलात?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने पुन्हा कॉलेजचं नाव सांगितलं. मग त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, साहेबांच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांना फोन करायला सांगा, नुसत्या पत्रावर इथे कुणी घेत नाही. ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिथूनच तिने मला फोन केला. "मॅडम, माझ्या ओळखीचं मुंबईत कुणी नाही. तुम्हीच आहात."

मी एका परिचित सरकारी वकील बाईंना फोन लावला. दोन दिवसांत दुसऱ्या एका कोर्टात तिची सोय झाली. तिने पेढे आणले. मला तो पेढा गोड लागला नाही. वर्गात आणखी साठ मुलं होती. त्यांतल्या किती जणांसाठी मी असा फोन करणार होते? आणि ज्यांच्या प्राध्यापकांच्या ओळखीत एकही सरकारी वकील नाही, त्या मुलांनी कुणाला फोन करायचा?

मी वीस वर्षं फौजदारी कोर्टात वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कायद्याच्या मुलांना शिकवते. या दोन्ही ठिकाणी उभं राहून एक गोष्ट मला दिवसेंदिवस जास्त स्पष्ट दिसते आहे. मुंबईतल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना जाहीर सूचना लावून, ठरलेल्या निकषांवर आणि विद्यावेतन देऊन घेतलं पाहिजे, आणि पदवीनंतर त्यांतल्या चांगल्यांना तिथेच काम करत राहण्याची वाट ठेवली पाहिजे. यात मुलांचं भलं आहेच. पण माझा मुद्दा त्या कार्यालयांच्या भल्याचा आहे, आणि त्यांच्या दारात तारखेमागून तारीख घेत बसलेल्या फिर्यादीच्या भल्याचा.

सरकारी वकील म्हणजे कोण, हे आपल्याकडे टीव्हीमुळे थोडं धूसर झालंय. मुलं पहिल्या वर्षाला येतात ती उज्ज्वल निकम यांचं नाव घेऊन. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा खटला, २६/११चा खटला. निकमांची सुरुवात जळगावच्या जिल्हा कोर्टातली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि किल्ला कोर्टात, भोईवाड्याला, अंधेरीला, कुर्ल्याला सकाळी अकरा वाजता पन्नास-साठ मॅटरचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, समोर घेऊन उभा असलेला सहायक सरकारी अभियोक्ता तर कुणाच्या खिजगणतीतच नसतो. पण मंगळसूत्र हिसकावलं गेलेल्या बाईचा, पगाराचे पैसे बुडालेल्या कामगाराचा, नवऱ्याने हात मोडलेल्या बायकोचा कोर्टातला आवाज तोच असतो. तिला त्याचं नावही माहीत नसतं. तारखेच्या दिवशी ती पहिल्यांदा त्याला बघते आणि तोही तिला पहिल्यांदा बघतो.

कायद्याने पीडित व्यक्तीला स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो, कोर्टाच्या परवानगीने. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो देतो. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी सरकारी वकील हाच पहिला आणि शेवटचा वकील. म्हणून त्या खुर्चीवर कोण येतं, कसं येतं आणि येण्याआधी काय शिकून येतं, हा सगळ्या शहराचा प्रश्न आहे.

ही कार्यालयं पोलिसांपासून वेगळी व्हायलाही खूप वर्षं लागली. विधी आयोगाने १९५८ साली, आपल्या चौदाव्या अहवालात, अभियोग चालवणारी यंत्रणा तपास करणाऱ्या पोलिसांपासून स्वतंत्र असावी असं सुचवलं होतं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सहायक सरकारी वकिलांची रीतसर तरतूद केली. तरीही महाराष्ट्रात ते पोलीस खात्याच्याच प्रशासकीय ताब्यात राहिले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात राज्य सरकारला स्पष्ट सांगावं लागलं, की त्यांचा संवर्ग पोलिसांच्या नियंत्रणातून बाहेर काढा आणि वेगळा विभाग करा. आज अभियोग संचालनालय आहे. घर वेगळं झालं. पण नव्या पिढीने त्या घरात कसं यायचं, हे ठरवायचं मात्र राहूनच गेलं.

आता त्या मुलीचे चार आठवडे. ती परभणी जिल्ह्यातली. मराठी शाळा, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए., मग सीईटी देऊन मुंबईत तीन वर्षांचा एल.एल.बी. डोंबिवलीत चौघी मिळून एका खोलीत राहतात. इंग्रजी वाचते, लिहिते, पण बोलताना अडखळते. मोठ्या फर्मच्या मुलाखतीत दोन वेळा ती तिथेच मागे पडली होती.

दुसऱ्या आठवड्यात त्या सरकारी वकील बाईंनी तिच्यापुढे एक फाइल ठेवली. केस कोणती ते सांगण्यासारखं नाही आणि मी सांगणारही नाही, कागद कसा होता तेवढं सांगते. जप्तीचा पंचनामा होता, हाताने लिहिलेला, तोही घाईत. पोलिसी हस्ताक्षर ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. शिरोरेषा नाही, 'सदर'चा नुसता 'स' आणि पुढे फराटा, चतु:सीमा एका दमात, पंचांची नावं ओळीच्या बाहेर गेलेली. आधीच्या इंटर्नने, तो चांगल्या घरचा, हुशार, इंग्रजी शाळेतला मुलगा होता, तो कागद तसाच परत दिला होता. वाचताच येत नाही म्हणाला. हिने तो घडाघडा वाचला. हिचे चुलते गावात पोलीस पाटील. असले कागद ओट्यावर पसरलेले बघत ती मोठी झाली होती.

नुसता वाचला नाही. पंचनामा सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू होऊन सहाला संपल्याची नोंद होती. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे फाइलसोबत पेन ड्राइव्हही होता. तो आतापर्यंत कुणी लावून पाहिलेला नव्हता. हिने पाहिला. चित्रीकरणावरची वेळ सहा पंचवीस होती.

ती घाबरत घाबरत बाईंकडे गेली. बाईंनी तिला जे शिकवलं ते मी माझ्या वर्गात वर्षभरात शिकवू शकले नसते. त्या म्हणाल्या, "हे आपण दुरुस्त करायचं नाही. कारण विचारायचं." तपास अधिकाऱ्याला बोलावलं, काय झालं ते विचारलं, आणि जे झालं ते साक्षीत जसंच्या तसं यावं असं ठरवलं. साक्षीदाराला पढवणं वेगळं आणि त्याला त्याचाच कागद दाखवून आठवण देणं वेगळं, ही रेघ त्या दिवशी तिला दिसली. पुस्तकात ती रेघ दिसत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम पाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत. पण तपास अधिकारी समोर उभा असताना त्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यांना सांगता येत नाही.

आता याच फाइलची दुसरी बाजू बघू. ही मुलगी तिथे नसती तर तो वेळेचा फरक कुणाच्या लक्षात आला असता? माझ्यासारखीच्या. बचावाच्या वकिलाच्या. मी उलटतपासणीत पंचाला आधी पंचनाम्याची वेळ विचारली असती, मग चित्रीकरणाची, आणि गप्प बसले असते. ते माझं काम आहे, त्यात गैर काही नाही. पण सरकारच्या बाजूने तो कागद साक्षीच्या आधी कुणीच वाचलेला नसतो, हे मी वीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलंय की आरोपी सुटल्यावर मला दर वेळी अभिमान वाटतोच असं नाही. कधी तो खरोखर निर्दोष होता म्हणून सुटतो. कधी समोरच्या टेबलावर कागद वाचायला माणूस नव्हता म्हणून सुटतो. यांतलं कुठलं झालं ते निकालपत्रावरून कळत नाही.

नव्या कायद्यांनी हा भार कितीतरी वाढवला आहे. चित्रीकरण आलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं दोन भागांतलं प्रमाणपत्र आलं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे डिजिटल फाइलचा बोटांच्या ठशासारखा आकडा, नोंदवणं आलं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होतंय. संहितेच्या कलम २०ने तर अभियोग संचालनालयाच्या अधिकाऱ्यांवर शिक्षेच्या कालावधीप्रमाणे खटल्यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी वाटून दिली आहे: सात वर्षांच्या आतले गुन्हे सहायक संचालकांकडे, सात ते दहा वर्षांमधले, पोलिसांच्या अहवालांच्या छाननीसह, उपसंचालकांकडे, दहा वर्षं आणि त्यावरचे, म्हणजे जन्मठेप आणि फाशीपर्यंतचे, संचालकांकडे. कागदावर उत्तम आहे. पण छाननी म्हणजे कुणीतरी बसून पान न् पान वाचणं, पेन ड्राइव्ह लावून बघणं, प्रमाणपत्रातला हॅश आणि जप्तीतला हॅश जुळतो का ते ताडून पाहणं. हे काम बावीस-तेवीस वर्षांची, संगणकाला न घाबरणारी, मराठी हस्ताक्षर वाचू शकणारी मुलं फार चांगलं करतात. तशी मुलं मुंबईत आहेत. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आहे, डॉ. आंबेडकर १९३५ साली त्याचे प्राचार्य झाले होते, आणि तिथून सत्र न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पवईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१४ पासून आहे. शिवाय दादर-माटुंग्यापासून वांद्र्यापर्यंतची कॉलेजं, जिथे दिवसा नोकरी करून शिकणारी मुलंही असतात.

ही मुलं आज कुठे जातात? ज्यांचं इंग्रजी चांगलं ती नरिमन पॉइंट आणि लोअर परळच्या फर्ममध्ये. तिथेही ओळखी चालतात, पण निदान वेबसाइटवर फॉर्म असतो, शेवटची तारीख असते, कुणीतरी हो किंवा नाही म्हणतं. ज्यांच्या घरात वकील ती काकांच्या, मामांच्या चेंबरमध्ये. उरलेली कुठल्यातरी ओळखीच्या वकिलाकडून सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र आणतात, एक दिवसही कोर्टात न जाता. हे आम्हा शिकवणाऱ्यांना माहीत आहे आणि आम्ही ते फाइलला लावून घेतो. त्याची लाज मला वाटते. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवडे इंटर्नशिप सक्तीची केली, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही असंही घातलं, कोटाचा रंगसुद्धा ठरवला. मुलांवर बंधन घातलं. दार उघडं ठेवण्याचं बंधन मात्र कुणावरच घातलं नाही.

पैशांचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, विशेषतः वकिलीत. शिकायला मिळतंय ना, मग पैसे कसले, हे वाक्य मीही माझ्या उमेदवारीत ऐकलं आणि मान खाली घालून ऐकलं. पण डोंबिवलीहून रोज येणाऱ्या मुलीचा पास, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, कोर्टाबाहेरचा वडापाव आणि काळ्या कोटाची धुलाई हे सगळं धरा. चार आठवडे फुकट काम करणं म्हणजे तिच्यासाठी चार आठवड्यांची शिकवणी बुडवणं होतं. त्या शिकवणीवरच तिचं भाडं निघतं. ज्याला फुकट काम परवडतं तोच येणार असेल, तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात हळूहळू एकाच प्रकारच्या घरांतली मुलं येणार. आणि ती बहुतेक पंचनामा न वाचता येणारी असणार.

सरकारकडे पैसे नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं आणि सरकारी कार्यालयांतही प्रशिक्षणार्थी घेतले गेले. तलाठी कार्यालयात बसायला पैसे देता येतात तर सरकारी वकिलाच्या टेबलाशेजारी बसायला का देता येऊ नयेत? त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिलने परिपत्रक काढून शहरातल्या कनिष्ठ वकिलांना महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, खासगी चेंबरमध्ये किती पाळली जाते ते आम्हाला दिसतंच. पण राज्य स्वतः जिथे मालक आहे, तिथे ती पाळून दाखवायला कुणाची हरकत आहे?

नोकरीचा भाग याहून अवघड आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. समजा एखाद्या मुलीला चार आठवड्यांत कळलं, की मला हेच करायचंय. मग? सहायक सरकारी अभियोक्त्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते आणि तिला आधी वकिलीचा अनुभव लागतो. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाला किमान सात वर्षं. न्यायाधीश व्हायचं तर २० मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. अनुभवाच्या अटीला माझा विरोध नाही. कोर्टात मार न खाल्लेल्या माणसाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बोलू नये. पण पदवी आणि पात्रता यांच्यामधली ही वर्षं काढायची कशी, याचं उत्तर सरकारी बाजूकडे नाही. ती मुलगी ही वर्षं कुणाच्या तरी चेंबरमध्ये काढणार, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, बहुतेक वेळा तुटपुंज्या पैशांत. तोवर तिची सरकारी वकील होण्याची ओढ टिकली तर नशीब.

बचावाच्या बाजूने हा प्रश्न कुणीतरी सोडवलाय, हे इथे मुद्दाम सांगते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं उभी राहिली. गरीब आरोपीसाठी पगारी, पूर्णवेळ वकील. त्यात सहायक लोक अभिरक्षकाचं पद तीन वर्षांपर्यंतच्या वकिलीसाठी, म्हणजे अगदी नव्या मुलांसाठीही आहे. मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे. पण बघा, गरीब आरोपीच्या बाजूला वकिलीची सनद मिळाल्याबरोबर पगारावर काम करता येतं आणि गरीब फिर्यादीच्या बाजूला येत नाही. न्यायमूर्तींच्या हाताखालीही नवे पदवीधर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली विधी लिपिकांच्या जाहिरातीत महिना ८०,००० रुपये देऊ केले होते, आणि वर सांगितलेल्या निकालात त्या लिपिकीचा काळ न्यायाधीशपदाच्या अनुभवात धरायलाही मान्यता दिली. न्यायाधीशाला मदतनीस, आरोपीच्या वकिलाला मदतनीस, आणि ज्याच्या बोर्डावर सगळ्यात जास्त मॅटर आहेत तो एकटा.

तेव्हा मागणी अशी: अभियोग संचालनालयाने दोन-तीन वर्षांच्या मुदतीची, पगारी, सनद घेतलेल्या नव्या वकिलांसाठीची कनिष्ठ पदं निर्माण करावीत. त्यांनी दोषारोपपत्रं वाचावीत, जामीन अर्जावरच्या 'से'चे, म्हणजे सरकारच्या लेखी म्हणण्याचे, मसुदे करावेत, साक्षीदारांच्या तारखा सांभाळाव्यात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली छोट्या अर्जांवर कोर्टात उभं राहावं. हा काळ अनुभवात धरावा. पगारी नोकरी आणि सनद एकत्र चालत नाहीत ही शंका लगेच येईल. पण कोर्टात उभं राहून बाजू मांडणं हेच ज्याचं काम, तो सरकारी वकील पगार घेत असला तरी वकीलच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दीपक अग्रवाल खटल्यात म्हटलं आहे. वाट काढायची इच्छा असेल तर कायदा आडवा येत नाही.

बाहेरच्या देशांत हे नवं नाही. इंग्लंडची क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस १९८६ पासून काम करते आणि विधी प्रशिक्षणार्थी जाहिरात देऊन घेते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांची अभियोक्ता कार्यालयं विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात घेतात आणि शेवटच्या वर्षात असतानाच त्यांतल्यांना नोकरी देऊ करतात. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथे नियम ७११खाली ठरावीक अभ्यास झालेला विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीत कोर्टात उभाही राहू शकतो. अमेरिकेतला जिल्हा अभियोक्ता बहुतेक ठिकाणी निवडणुकीने येतो. ते आपल्याकडे मुळीच नको. पण अर्ज मागवण्याची त्यांची पद्धत घ्यायला काय हरकत आहे?

आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही खरे आहेत. गोपनीयतेचा आक्षेप सगळ्यात आधी येतो. केस डायरी, पीडितेचं नाव, साक्षीदाराचा पत्ता हे विद्यार्थ्याच्या हाती कसं द्यायचं? सरसकट द्यायचं नाही. लैंगिक गुन्ह्यांच्या आणि बालकांच्या केसेस बाहेर ठेवायच्या, फाइल कार्यालयाबाहेर न्यायची नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा, लेखी हमी घ्यायची. प्रत्येक विद्यार्थ्याने कुठली फाइल पाहिली त्याची नोंदवही ठेवायची, म्हणजे उद्या तो बचावाच्या चेंबरमध्ये गेला तर त्या केसमध्ये त्याला हात घालता येणार नाही. आज ओळखीने बसलेल्या मुलाची अशी नोंद कुठे असते? जाहीर पद्धत आली तर गोपनीयता वाढेल.

माझ्या एका बचाव पक्षातल्या मित्राला भीती वाटते, की अशाने कोवळ्या वयात मुलं 'सरकारची माणसं' होतील, प्रत्येक आरोपीकडे गुन्हेगार म्हणून बघतील. उलट होईल असं मला वाटतं. सरकारी वकिलाने कसंही करून शिक्षा मिळवण्याची तहान धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद खटल्यात बजावलं आहे. आरोपीच्या बाजूचा कागद सापडला तर तो कोर्टापुढे ठेवणं हेही त्याचंच काम. ते काम जवळून पाहिलेला मुलगा पुढे कुठल्याही बाजूला गेला तरी जास्त नेक वकील होतो.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो, आणि तो सरकारी वकिलांचा आहे. त्या बाईच मला म्हणाल्या, "तुझ्या विद्यार्थिनीला मी चार आठवडे शिकवलं, कारण ती चांगली होती. दहा जणी आल्या तर मी त्यांना बसवू कुठे? मलाच खुर्ची शेअर करावी लागते." खरं आहे. स्टेनो नाही, स्वतंत्र खोली नाही, फाइली कपाटाच्या वर, दुपारच्या सुट्टीत डबा उघडायला जागा नाही. अशा माणसावर शिकवण्याचं ओझं लादलं तर मुलं झेरॉक्सच्या रांगेत उभी राहतील आणि चार आठवड्यांनी प्रमाणपत्र घेऊन जातील. म्हणून प्रत्येक मोठ्या कोर्टात एका वरिष्ठ अभियोक्त्याकडे ही जबाबदारी रीतसर द्यावी आणि तेवढा त्याचा बोर्ड हलका करावा. एका वेळी चारच मुलं घ्यावीत, पण त्यांना खरं काम द्यावं. संचालनालयाने एवढंही केलं नाही तर बाकीचं सगळं वाया जाईल, हे मीही मान्य करते.

ती मुलगी आता सनद घेऊन एका खासगी चेंबरमध्ये आहे, बचावाच्या बाजूला. सनदेची फी तरी, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालामुळे, तिला ७५० रुपयांच्या वर द्यावी लागली नाही. परवा भेटली तेव्हा तिने मला विचारलं, पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या चुलत भावाला, तोही आता मुंबईत एल.एल.बी. करतोय, सरकारी वकिलांकडे जायचंय, तर अर्ज कुठे करायचा? मी म्हटलं, मला सांग, मी फोन करते. ती म्हणाली, "नको मॅडम. तुम्ही फोन केलात तर त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणाची तरी जागा जाईल."

एका पानाचं पत्रक पुरेल. मराठीत. किती जागा, कुठल्या कोर्टात, किती आठवडे, विद्यावेतन किती, निवड कशावर, मराठी हस्तलिखित वाचता येणं आवश्यक, अर्ज कुणाच्या नावाने, शेवटची तारीख. फोर्टच्या सत्र न्यायालयाच्या फलकावर, दिंडोशीला, माझगावला आणि शहरातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयाच्या सूचना फलकावर. येत्या जूनसाठी ते मार्चमध्ये लागायला हवं.